पिलाकडचा उतार

फोपनार
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शेजारची तृप्ती रोज बसनं बुऱ्हाणपूरला कॉलेजात जाते, ती इतवाऱ्यात उतरून हे तुझ्या मोटर दुरुस्तीच्या दुकानावर देईल. तिच्यासमोर फाडू नकोस. आपल्या घरच्या भांडणात ती पोरगी कुठंच नाही.

काल आपली विहिरीवरची बाग कापली. कुणी कापली ते माहीत नाही.

शाहपूरला रंभाबाई मावशीकडं लग्न होतं. आबा, माय आणि मी सकाळीच गेलो. अर्धं फोपनार तिकडंच होतं. संध्याकाळी परत येताना माय म्हणाली, बागेवरून जाऊ, मोटर बंद झाली का पाहू. बांधावर पोचल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पुने, आज बागेत इतका उजेड कसा काय गं?"

तो उजेड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. केळीच्या बागेत भर दुपारीसुद्धा सावली असते. तिथं मावळतीचं ऊन थेट मातीवर पडलं होतं. सगळी खोडं छातीच्या उंचीवर कापलेली, घड खाली पडलेले, कोवळे, अजून भरायचे होते. चीक गळत होता. विहिरीपासून रस्त्यापर्यंत एक झाड उभं नव्हतं.

माय जागेवरच बसली. आबा बसले नाहीत. लग्नातला फेटा डोक्यावर तसाच ठेवून ते ओळीओळीनं चालत गेले, मधेच वाकायचे, पुन्हा चालायचे. मग मोटारसायकल काढली आणि ठाण्यात गेले.

पुढचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. आबांनी अर्जात तुझं नाव दिलं आहे.

ठाण्यातल्या टीआय साहेबांनी लगेच रपट लिहिली नाही. आधी जागा पाहतो म्हणाले, म्हणजे थोडे दिवस हातात आहेत. तुझी लाइनमनच्या जागेवर निवड झाली आणि आता फक्त पोलिसांचं चरित्र सत्यापन राहिलं, हे मला दीपालीवहिनीनं कळवलं होतं. रपटेत नाव आलं की ती नोकरी हातची गेली. मोटारी गुंडाळता गुंडाळता तू त्या परीक्षेचा अभ्यास कसा केला असशील, ते मी समजू शकते. मलाही चुलीजवळ बसून बी.ए. आणि मग इंग्रजीचं एम.ए. करावं लागलं होतं, आणि मला कॉलेजात घालायला आबांशी भांडला होतास तो तूच.

मी फक्त एवढंच विचारते. रविवारी दुपारी तू कुठं होतास? कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव लिहून पाठव.

पुनी


बुधवार, १२ फेब्रुवारी

दादा,

तृप्ती सांगत होती, "त्यानं वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं आणि मोटर गुंडाळत बसला. चहासुद्धा नाही विचारला." चहा विचारला नाहीस हे तिला फार लागलं आहे.

आज टीआय साहेब आले. हवालदाराच्या बुटांना चीक लागला, तर तो सारखा गवतावर पाय घासत होता. साहेबांनी आबांना विचारलं, "बेटे पर ही शक क्यों, दादा?"

आबा म्हणाले, "परका असता तर पिलं बी कापली असती, साहेब. पाहून घ्या. एका पिलाला हात नाही लागला. हे आमच्याच घरात शिकलेल्याचं काम आहे."

साहेब भिंडकडचे. त्यांना पील म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी पुढं होऊन सांगितलं. आमची केळी बी पेरून येत नाही. आईच्या बुडाशी पील फुटतं, पुढच्या वर्षी तेच झाड होतं. म्हणून घड काढल्यावरही आम्ही आईला मुळापासून कापत नाही, अर्धं खोड उभं ठेवतो, कारण त्यातला रस पिलाला मिळत राहतो.

साहेबांनी वाकून एका खोडाजवळचं पील पाहिलं. "मतलब माँ को काटा, बच्चे को छोड़ दिया," ते म्हणाले. "ये तो घर का ही आदमी हुआ." आणि हवालदाराला लिहायला लावलं.

मी माझ्याच तोंडानं तुझ्या विरोधात बोलून आले, दादा. समजावून सांगायची मला इतकी घाई असते.

खरं सांगायचं तर ती पिलं पाहून मलाही भीती वाटली. तुझ्याजवळ राग होता. दोन वर्षांपूर्वी, वहिनी आपल्या जातीची नाही म्हणून, आबांनी तुझ्या मांडवाला केळीचे खांब दिले नाहीत. गावात कुणाच्याही लेकीचं, लेकाचं लग्न असो, आबा स्वतः खांब कापून बैलगाडीत घालून देतात. आणि त्याच आबांच्या, भिकन पाटलाच्या पोरानं स्वतःच्या मांडवाला खांब बाजारातून आणले. त्या दिवशी तू बांधावर उभा राहून ओरडला होतास, "या बागेतलं एक पान मला नको. कापून टाका सगळी!" ते मीच नाही, पाण्यावरच्या बायांनीही ऐकलं होतं. त्यातली एक काल मायला म्हणालीच, "मालूबाई, पोरानं बोललेलं खरं केलं गं."

माझं शनिवारी बुऱ्हाणपूरला एका कॉलेजात नमुना व्याख्यान आहे, अतिथी विद्वानाच्या, म्हणजे तात्पुरत्या प्राध्यापकाच्या जागेसाठी. विषय मीच निवडला होता, बाग कापली जाण्याच्या कितीतरी आधी. 'कार्व' हे इंग्रजी क्रियापद. आज कार्व म्हटलं की लाकडावरची नक्षी किंवा ताटातलं मांस आठवतं. पण हजार वर्षांपूर्वी कापणं म्हणायला इंग्रजांच्या घरचा शब्द तोच होता. तेव्हाचं रूप 'चेओर्फन'. झाड तोडायचं, दगड कोरायचा, शत्रूचं डोकं उडवायचं, सगळ्याला तोच चालायचा. मग 'कट' आला. त्याचे आईबाप कोण, हे पंडितांना अजून नक्की सांगता येत नाही. त्यानं हळूहळू सगळं घर ताब्यात घेतलं आणि जुना मालक ओट्यावर नक्षी कोरत बसला.

मूळ आणखी मागं जातं. तिथं अर्थ आहे ओरखडणं. त्याच मुळातून ग्रीक लोकांचा लिहिण्याचा शब्द निघाला, ज्याच्यातून आपला ग्राफपेपर आला. आणि आपलं 'लिहिणं'सुद्धा संस्कृतात आधी ओरखडणंच होतं. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी मायला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. कापणारा आणि लिहिणारा एका घरचे आहेत, माय! ती म्हणाली, "मग लिहिणाऱ्यानं दोन वांगी कापून दे."

आता तोच विषय तयार करायला बसते आणि प्रत्येक पानावर मला ती बाग दिसते.

सरळ विचारते. तू कापलीस का? हो असेल तर मला सांग. मी तुझ्यासोबत ठाण्यात येईन. नाही असेल तरी सांग. पण गप्प राहू नकोस. तुझी मुकी बाजू मला मांडता येणार नाही.

पुनी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. एका ओळीची. "बाग कापली ते कळलं. पिलं वाचली का?"

मी ती मायला वाचून दाखवली. तिनं पदर तोंडाला लावला.

पिलं वाचली की नाहीत हे तुला माहीत नव्हतं. मी पहिल्या पत्रात ते लिहिलंच नव्हतं, आणि दुसरं तुझ्या हातात पडायच्या आधी तू ही चिठ्ठी तृप्तीजवळ दिलीस. कापणाऱ्याला हा प्रश्न पडला नसता. पण हे मला कळून काय उपयोग? ठाण्यात ते पुरणार नव्हतं. म्हणून तुला नीट उत्तर द्यायचं ठरवून मी बागेत गेले, एकेक पील पाहायला.

आणि मग मला दिसलं, जे मी रविवारपासून पाहतच नव्हते.

माय आपल्याला कोयता हातात द्यायच्या आधी काय म्हणायची? "पिलाकडं पाठ करून काप." खोड तिरपंच कापायचं, म्हणजे वर पाणी साचत नाही, आणि उतार पिलाच्या उलट्या बाजूला द्यायचा, म्हणजे पाणी नि चीक पिलाच्या पोटात उतरून ते सडत नाही. लहानपणी तू एकदा उलटा उतार दिला होतास, तर तिनं तुला त्या खोडाची माफी मागायला लावली होती. मी हसले म्हणून मलाही मागायला लावली.

बागेतली खोडं सगळी पिलाकडं उतरलेली आहेत. एक नाही, सगळी. कापणारा रस्त्याकडून शिरला, पिलांच्या बाजूनं चालत राहिला, सोपं पडेल तसं मारत गेला. तेही एका घावात नाही. दोन, कुठं तीन. पिलं त्यानं राखलेली नाहीत. छातीच्या उंचीवर कापायच्या घाईत ती त्याच्या हाताखाली राहून गेली. आपल्या घरातला माणूस रागानं आंधळा झाला तरी त्याचा हात असा पडणार नाही. तुझा राग बागेवर होता, हातावर नव्हता.

घावांचं हे अक्षर मी आणखी कुठंतरी पाहिलं आहे, असं मला वाटत राहिलं. संध्याकाळी शाहपूर रस्त्याला जाऊन आले. तिथं मागच्याच आठवड्यात उखर्डू मुकादमाच्या टोळीनं घड काढलेत. तीच दोन-दोन घावांची खोडं, तोच पिलाकडचा उतार. मी मोबाइलवर फोटो काढत होते तर शेताचा मालक विचारतो, "काय बाई, लग्नाचा अल्बम करून राहिली का?"

उखर्डूला आबांनी दिवाळीत आपल्या बागेतून हाकललं होतं, तुला कुणी सांगितलं असेल. याच उतारावरून. सगळ्यांसमोर त्याच्या माणसाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाले, "पिलाची दया नाही त्यानं केळीला हात लावू नये." त्या दिवसापासून त्या टोळीला दोन-तीन शेतकऱ्यांनी कामाला बोलावलं नाही.

मी धावत घरी आले. आबा ओट्यावर होते. म्हटलं, "आबा, हे दादाचं काम नाही. उतार पिलाकडं आहे."

ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "दिसला मला."

"कधी?"

"त्याच दिवशी."

दादा, ते ओळीओळीनं वाकत गेले होते ना, ते हेच पाहत होते. मी विचारलं, मग नाव का दिलं? ते उठले आणि गोठ्यात गेले. मी मागं गेले. त्यांनी म्हशीला चारा टाकला, आधीचा तसाच पडलेला असताना.

आणि इकडं काल पोलीस तुझ्या खोलीवर येऊन तुझा शर्ट घेऊन गेले, हे आत्ता तृप्तीनं सांगितलं. चिकाचे डाग आहेत म्हणे. असणारच! केळीचा डाग जन्माचा असतो. तो शर्ट घालून तू घर सोडलंस. तो डाग मायनं घासून घासून सोडून दिलेला आहे. पण साहेबांना तो ताजा की जुना ते कसं कळणार?

वहिनी रडत होती, तृप्ती म्हणाली. तिला सांग, उद्या सकाळी साहेबांनी आबांना बयानावर सही करायला बोलावलं आहे आणि मी सोबत जाणार आहे. सही झाली की रपट. त्याआधी मला बोलायचं आहे.

व्याख्यानही उद्या सकाळीच आहे. ते राहू दे.

पुनी


सोमवार, १७ फेब्रुवारी

दादा,

शनिवारी तू फोन उचललास, पण मी रडतच होते, आणि तू "बरं, बरं" म्हणत होतास. म्हणून सगळं नीट लिहिते.

ठाण्यात आम्ही तिघं गेलो. मायनं कुणाला विचारलं नाही, लुगडं बदलून मोटारसायकलजवळ येऊन उभी राहिली. मग आबांनी गाडी लावून ठेवली आणि आम्ही बसनं गेलो.

साहेबांपुढं मी मोबाइल ठेवला. आपल्या बागेतली खोडं, शाहपूर रस्त्याची खोडं, आणि जुन्या फोटोतलं एक खोड. तुझ्या मोबाइलवरून तू मला पाठवलेला तो फोटो आहे ना, घड खांद्यावर घेऊन हसतोयस? मागं तूच कापलेलं खोड आहे, पिलाकडं पाठ केलेलं. एका घावाचं. मी उतार दाखवला, घाव मोजायला लावले, माणसामाणसाची कापणी अक्षरासारखी कशी वेगळी असते ते सांगितलं. बोलता बोलता कार्वपर्यंत पोचले. साहेब म्हणाले, "मैडम, कॉलेज वाला लेक्चर कॉलेज में। यहाँ इतना बताइए, ये किसका हाथ है?"

मी म्हटलं, "इतना पक्का है कि मेरे भाई का नहीं है। दूसरा हाथ आप मिलाकर देखिए।"

त्यांनी फोटो पुन्हा पाहिले. मग आबांकडं वळले. "दादा, आप तो पूरी उमर केला काटे हो। आपको ये नहीं दिखा?"

"दिसलं साहेब."

"फिर बेटे का नाम?"

आबा टेबलाच्या कडेवर नख घासत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील, गोठ्यात गेले तसे. पण तिथं गोठा नव्हता.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मी बोलावलं तर तो येणार नाही. मी बोलावणार पण नाही. तसा मी आहे. म्हटलं, तुम्ही बोलावलं तर यावंच लागेल. जागा दाखवायला तरी बागेत आणाल. तो खोड पाहील, आणि माझ्यावर ओरडेल, का आबा, हा माझा हात आहे का? एवढंच पाहिजे होतं."

मायनंच तोंड उघडलं. "अहो, पोराला घरी आणायला कुणी पोलीस पाठवतं का?"

हवालदार हसला, मग साहेबांकडं पाहून थांबला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "दादा, इस चक्कर में लड़के की नौकरी चली जाती। पता था?"

आबांना माहीत नव्हतं. तुझी निवड झाली हेच माहीत नव्हतं. वहिनीनं मला कळवलं होतं आणि मी घरात सांगितलं नव्हतं, कारण तुझं नाव घेतलं की ते ताटावरून उठायचे. त्यांनी मायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. फेटा काढून मांडीवर ठेवला. "काटून टाका साहेब," ते म्हणाले. "नाव काटून टाका माझ्या अर्जातून."

अर्ज नवा लिहिला. त्यात तुझं नाव नाही. शर्ट या आठवड्यात परत मिळेल, वहिनीला सांग. उखर्डूच्या टोळीला बोलावलं आहे. काल त्यातल्या दोघांनी कबूल केलं असं गावात ऐकते, पण ते पोलिसांचं काम आहे, मी नाव घेऊन बोलणार नाही. एकदा या घरानं ते करून पाहिलं आहे. कॉलेजवाल्यांनी मला पुढच्या सोमवारी या म्हटलं आहे.

आता खरं काम सांगते.

कालपासून आम्ही तिघं बागेत आहोत. प्रत्येक खोड वीतभर खाली घेऊन पुन्हा कापायचं, उतार उलटा करायचा, पिलाकडं पाठ. कोवळे घड वाया गेले, पण खोडात रस आहे तोवर पिलं पोसतील. माझा एक घाव वाकडा गेला तर आबा नुसते त्या खोडाकडं पाहत राहिले. मी माफी मागितली. खोडाची. ते ऐकून माय दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

रस्त्याकडून सुरू केलं होतं, आज दुपारी विहिरीजवळ पोचलो. शेवटची ओळ राहिली. मी कोयता घेऊन वळले तर आबा म्हणाले, "ती राहू दे."

म्हटलं, "का? आभाळ आलंय. पाणी झालं तर ती पिलं सडतील."

"राहू दे," ते पुन्हा म्हणाले आणि घरी निघाले. घरी जाऊन मी पाहिलं तर ओसरीत तुझा कोयता होता. त्या आडव्या मुठीचा, जो दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही. दोन वर्षं पोत्याखाली पडला होता. त्याला धार लावून, तेल लावून खुंटीला टांगला आहे. कुणी टांगला ते मी विचारलं नाही.

दादा, ते तुला बोलावणार नाहीत. त्यांनी ठाण्यात सांगितलं तेवढंच त्यांच्याकडून होणार. आणि तू का यावंस, हे मलाही नीट सांगता येत नाही. ज्या माणसानं खांब दिले नाहीत, त्याच्या बागेत तू घाम का गाळावा? मी तुझ्या जागी असते तर कदाचित आले नसते.

पण आत्ता खिडकीतून दिसतंय, तापीकडून काळं आभाळ वर चढत आहे. विहिरीकडची ओळ उघडी आहे, उतार पिलाकडं. मायनं दोनदा माझ्याकडं पाहिलं, मी उठले नाही. ती ओळ मी कापणार नाही, मायही कापणार नाही.

वहिनीलाही घेऊन ये. तिला बांधावर बसव, चिकानं साडी खराब होते.

तृप्ती शेवटच्या बसनं मुद्दाम हे घेऊन येत आहे. तिला या वेळी चहा पाज.

पुनी